वरचे तांदूळ

"ऱ्हाऊ द्या डबा. वेळ लागंल."

गिरणीत एकही गिऱ्हाईक नसताना, पट्टा थांबलेला असताना ती हे म्हणायची आणि समोरच्या बाईच्या हातातला डबा स्वतः उचलून मागच्या फळीवर ठेवायची. ती असं कोणाला म्हणते आणि का, हे नसरापुरात फार थोड्यांना माहीत होतं.

तुम्ही दोघं लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा तिच्या दारात शिंकत उभे राहायचात आणि तिच्या पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्यांना घाबरायचात. तीच ही गिरणीवाली काकी. माझ्याहून वयानं लहान, पण सारं गाव काकी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. ती मला बाई म्हणायची, कारण तिच्या मुलाला मी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. "बाईंनी शिकवलं, पर त्याला आलं न्हाई," असं ती चारचौघांत माझ्यादेखत सांगायची.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, बाजाराच्या दिवशी तू फोन का उचलत नाहीस? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी काकीबद्दल सांगायला हवं. हे तुमच्यापुरतंच ठेवा.

निवृत्त झाल्यावर मी भोरच्या समुपदेशन केंद्रात अर्ज लिहायला बसू लागले. घरात मार खाणाऱ्या बायकांना तिथे सल्ला मिळतो, संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार जाते, गरज पडली तर निवारागृहात जागा मिळते. सगळी सोय आहे. पण तिथवर पोचायचं कसं? हातात पिशवी घेऊन सून उंबऱ्याबाहेर पडली की ओट्यावरून प्रश्न येतो, कुठं निघालीस? दळणाचा डबा घेऊन निघाली तर कोणी मान वर करत नाही.

बाजाराला वेल्ह्याकडच्या गावांतून बायका येतात. गावात गिरणी असली तरी काकीचं पीठ बारीक, हे सासवांनाही मान्य होतं. मग एखादी तांदळाखाली साडी घालून आणायची. पुढच्या बाजाराला आधारकार्ड. मग पोराचं डोसाचं कार्ड. घरी नेण्यापुरतं पीठ काकी वेगळ्या डब्यातून द्यायची. असा एकेक संसार फळीवर थोडा थोडा जमत जायचा. निघायचं ठरलं की ती दळण आणायला म्हणून मोकळ्या हातानं यायची, आपला डबा उचलायची, आणि मी तिच्यासोबत कापूरहोळला गाडी बदलून भोरला जायचे.

किकवीची एक बाई अशीच गेली, तेव्हा तिचा नवरा गिरणीत येऊन उभा राहिला. काकीनं त्याला पाहिलं आणि गिरणी चालू केली.

"माझी बायको हितं आलती का?"

"काय? दळण हाय का?"

"बायको! बायको!"

"गव्हाचं का जवारीचं?"

तो चिडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा नेमकी वीज गेलेली. मी बाकावर बसले होते. काकीनं गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीवरचं पीठ शांतपणे झटकलं. "लाईट आली की सांगते, दादा," म्हणाली. आणि तो खरंच वीज यायची वाट बघत बसला. वीज आली, तिनं गिरणी लावली. मी रस्त्यात येऊन हसले.

आता त्या मुलीबद्दल. वेल्ह्याच्या बाजूची, बारीक चणीची, कडेवर एक लेक. काकी प्रत्येकीला बजावायची की डबा साधा पत्र्याचा आणा. या पोरीकडे दुसरा नसावा. तिनं स्टीलचा आणला, सासूचं नाव कोरलेला. आपल्याकडे भांड्यावर नाव घातलेलं असलं की ते कधी ना कधी शोधलं जातंच. एका बाजाराला सासू स्वतः गिरणीत आली आणि थेट फळीकडे बोट करून म्हणाली, "त्यो आमचा डबा."

"तुमचाच हाय, मावशे," काकी म्हणाली. "पर चुकून मिरचीच्या मागं दळलाय. न्या, पर भाकरी खाऊन नरडं धरलं तर मला बोलायचं न्हाई."

"दळताना डोळं कुठं हुतं तुजं?"

"पिठात. पुढल्या बाजाराला डबा उन्हात तापवून परत देते. आज माझ्या घरचं पीठ घेऊन जावा."

सासू गेली. काकीनं आतलं सगळं आपल्या पत्र्याच्या डब्यात हलवलं आणि वर पुन्हा तांदूळ पसरले. स्टीलचा डबा परत देताना आतून तिखटाचं बोट फिरवायला ती विसरली नाही. सासूला दारातच तीन-चार शिंका आल्या.

पण त्यानंतर सून आली नाही. बाजाराला सासूच यायला लागली.

मी म्हटलं, आपण संरक्षण अधिकाऱ्यांना सांगू, ते घरी जातील. काकी म्हणाली, "आदी तिला इचारा." त्या गावची आशाताई माझ्या ओळखीची. ती लेकीला डोस द्यायच्या निमित्तानं गेली आणि निरोप घेऊन आली. लेकीचा जन्मदाखला सासूच्या पेटीत आहे, तो हाती लागल्याशिवाय निघणार नाही, आत्ता कोणी येऊ नका. आणि सुनेनं एवढंच विचारलं होतं, "डबा हाय का अजून?"

"हाय म्हणावं," काकी म्हणाली. "हितंच हाय म्हणावं."

तांदूळ फार दिवस राहिले की जाळी धरतात. काकी मधूनमधून वरचे तांदूळ काढायची, निवडायची, दुसरे पसरायची. खालच्या साडीला हात लावायची नाही. जीप थांबल्याचा आवाज आला की तिची मान दाराकडे वळायची. पुढे तिला दम लागू लागला. सगळं आयुष्य पिठात गेलेलं. मुलगा पुण्याला न्यायला आला तेव्हा तिनं डबा माझ्या घरी आणून ठेवला.

"वरचं तांदूळ बदलत जावा, बाई. आन् ती आली, गिरणी बंद दिसली, तर माघारी जाईल बगा."

पुण्याहून ती परत आली नाही. मुलानं गिरणीला कुलूप घातलं. दारावरून जाताना आता पिठाचा वास येत नाही. मी मात्र अजून श्वास घेऊन बघते.

बाजाराच्या दिवशी मी सकाळीच तो डबा घेऊन गिरणीच्या पायरीवर बसते. मोबाईल घरी ठेवते, म्हणजे लक्ष रस्त्यावर राहतं. वेल्ह्याकडून जीप येते, बायका उतरतात, मी कडेवर लेक असलेली शोधते. मग आठवतं, लेक आता चालायला लागली असेल, बोट धरून येईल.

येणारे-जाणारे थांबतात. "बाई, गिरणी तर बंद हाय. दळण घिऊन कशाला बसलाय?"

मी डबा जरा जवळ ओढते.

"राहू द्या," म्हणते. "वेळ लागेल."