देगलूरकरीण म्हणतात मला

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि त्यातही शेळ्या राखायच्या दिवशी खाडाच असायचा. वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून कळत नाही, हाताला येईल ती देते. मुलीच्या क्लासची एक वही अर्धी कोरी राहिली होती, तिच्यात लिहिते आहे. कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. चारचौघींत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लिहिताना निदान कुणी तोंडाकडं बघत नाही.

लिहायचं आहे ते माझ्या गावाच्या नावाबद्दल. आमच्या भागात सून घरात आली की तिचं स्वतःचं नाव मागं पडतं आणि माहेरच्या गावावरून तिला हाक मारतात. थोरल्या जाऊबाई निलंगेकरीण, मी देगलूरकरीण. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात माझं खरं नाव माहीत असलेलं माणूस शोधावं लागेल. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी देगलूरचं नाव घ्यायचं आणि दर वेळी मला आमची गल्ली दिसायची.

आमचे वडील मराठी, आई शिवेपलीकडची, तेलंगणातली, तेलुगू बोलणारी. भाजीबाजारात कर्नाटकातले लोक यायचे, त्यांच्याशी कन्नड. आईला या सगळ्या भाषा बोलता यायच्या आणि वाचता एकही येत नव्हती. एसटी स्टँडवर पलीकडच्या गाड्या लागायच्या. मी त्यांच्या तेलुगू-कन्नड पाट्यांवर आमच्या गावाचं नाव शोधायची. "यातलं आपलं कुठलं गं?" म्हणून आईला विचारायची. आई म्हणायची, "गाडी थांबली ना? मग तेच."

एकदा ती मिरच्यांचे देठ काढत बसली होती तेव्हा विचारलं, देगलूर म्हणजे काय? ती म्हणाली, "म्हंजी काय? ऊरु." तेलुगूत ऊरु म्हणजे गाव. मग लक्षात आलं की आई कधी देगलूर म्हणतच नाही. आजोळाहून परत निघताना सुद्धा "चला, ऊरिकी जायचंय" असंच म्हणायची. जगात एकच गाव असल्यासारखं.

आमच्या गल्लीत टोपली घेऊन एक बांगडीवाली यायची. आम्ही तिला खाला म्हणायचो. तिचं म्हणणं वेगळं होतं. माझा हात दाबून बांगडी चढवताना ती सांगायची, "अगे बेटी, एक बुजुर्ग आये थे. इत्ती बडी देग चढाये, पूरा गाँव खाया, फिर बी देग खाली नै हुई. वैच देग का गाँव." बांगडी टचकन आत जायची आणि गोष्ट तिथंच संपायची. ती देग, म्हणजे भाताचा मोठा हंडा, पुढं कुठं गेली हे तिनं कधी सांगितलं नाही. मी बरीच वर्षं समजत होते की ती आमच्याच गावात कुठं तरी पुरलेली असणार.

मग ते पैशाचं झालं. माझ्या धाकट्या भावाला जुना ऑटो घ्यायचा होता. जाऊबाईंनी नुकतीच म्हैस विकली होती. मी काही बोलले नव्हते, त्यांनीच आपणहून तीस हजार काढून दिले. "देगलूरकरणीचा भाऊ तो माझाबी भाऊ," म्हणाल्या. भावानं वर्षभरात दहा हजार फेडले. मग ऑटोचं इंजिन बसलं आणि पैसे येणं थांबलं.

आमच्यात व्याह्यांची नावंसुद्धा घेत नाहीत, गावाचं नाव घेतात. त्यामुळं भावाचं नाव कुणीच घेतलं नाही. "देगलूरकडून काही आलं का?" "देगलूरचा फोन लागला का?" असंच सगळे विचारायचे. आधी पैशाबद्दल. पुढं सवय लागली. वरणात मीठ कमी पडलं तरी जाऊबाई म्हणायच्या, "राहू द्या, देगलूरचा हात हाय, कमीच पडणार." एकदा शेजारीण उसनी साखर मागायला आली तर तिला ऐकवलं, "नीट परत आण बाई. देगलूरला उसनं दिलं म्हंजी मांजरा नदीत सोडलं." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, कारण न हसणं त्याहून अवघड होतं. जाऊबाई दुष्ट नव्हत्या. त्यांची म्हैस खरंच गेली होती. पण ज्या हाकेनं गल्ली दिसायची, ती ऐकली की आता मी कामाचं निमित्त काढून मागच्या दारी जायची. चार वर्षं मी तशी काढली.

मुलीला लातूरला क्लास लावला तेव्हा तिच्या जेवणासाठी मी तिच्याबरोबर खोली करून राहिले. घरमालकीण उदगीरच्या, लिंगायत. सगळे त्यांना अक्का म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तू कुठली गं?" मी सासरचं गाव सांगितलं.

"ते सासर. माहेर?"

मी पिशवीतली भांडी काढायला लागले. मुलगीच म्हणाली, "आईचं माहेर देगलूर."

"मग लपवून काय राहिली? चोराचं गाव हाय का ते?" अक्कांनी पानाचा डबा उघडला. "आमच्या कन्नडात देगुला म्हंजी देऊळ. ऊरु म्हंजी गाव. देवळाचं गाव हाय तुझं, अन् तू अशी मान घालून बसली!"

मी खालाची देग सांगितली. इतकं मी परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते. अक्का खूप हसल्या. "असू दे की. देवळात देव, देगीत भात. अजून काय पायजे गावाला?"

त्या दिवशी भाकरी थापताना मी ते मनात घोळवत होते. तिघींनी तीन भाषांत सांगितलं होतं, आणि एकीच्याही सांगण्यात वाईट काही नव्हतं. वाईट अर्थ फक्त आमच्या घरात निघाला होता, आणि तो माझ्या माहेरच्या माणसामुळंच निघाला होता. तो पुसायचा तर आमच्याच माणसानं.

आमच्या इमारतीत खेड्यातल्या मुली भरपूर. मेसच्या चपात्यांना त्या कंटाळलेल्या असतात. अक्कांनीच चार मुलींना माझ्या ज्वारीच्या भाकरीचं सांगितलं. चाराच्या अकरा झाल्या. पहाटे पीठ मळायला घेते, मुली क्लासला निघेपर्यंत डबे भरून होतात. दीड वर्षात माझ्याजवळ अकरा हजार साठले.

आमचे मालक, म्हणजे मुलीचे वडील, म्हणाले, "आता सरळ वैनीच्या हातात ठेव अन् मोकळी हो."

मी म्हणाले, "न्हाई. मी दिले तर ते तुमच्याच घरचे पैसे झाले. देगलूरचं देणं देगलूरनंच आणून द्यावं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना न्हाई म्हटल्याचं त्यांना बहुतेक आठवत नसावं. मग म्हणाले, "बरं. तू म्हणती तसं."

पैसे मी मुलीच्या फोनवरून भावाला पाठवले. त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, वरचे नऊ हजार मी घालतो. मला पंधरा दिवस दे." त्याला महिना लागला, पण घातले.

ते दोघं आले, भाऊ आणि आई. मी आदल्या दिवशीच लातूरहून घरी आले होते. आई आता वाकली आहे. एसटीतून उतरून फाट्यापासून चालत आली, हातात चिवड्याची पिशवी. जाऊबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. आईनं चहाला हात लावला नाही. पदराची गाठ सोडली आणि नोटा काढल्या.

भाऊ म्हणाला, "मी मोजतो, दे." आई म्हणाली, "तू गप. तू मोजले असते तर मी कशाला आले असते?" जाऊबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं.

आईनं मांडीवर एकेक पाचशेची नोट ठेवायला सुरुवात केली. बोलायला तिला कुठलीही भाषा चालते, पण मोजणं तेलुगूतच. "ओकटी, रेंडू, मूडू..." जाऊबाईंना ते कळेना, म्हणून त्या तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि मराठीत मोजू लागल्या. एकीची नोट पडायची, दुसरीचा आकडा यायचा. मध्येच आई अडखळली, तर जाऊबाई म्हणाल्या, "सत्तावीस झाले, मावशी. पुढं चला." मी दारात उभी होते. भाऊ जमिनीकडं बघत होता.

शेवटची नोट ठेवून आई म्हणाली, "नलभै."

"चाळीस," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी नोटा सारख्या केल्या, कपाळाला लावल्या आणि माझ्याकडं वळल्या. "देगलूरकरीण, वीस हजार भरले गं. आधीचे दहा धरून सगळे आले. आता काही राहिलं न्हाई."