बकारामाचं चुलबंद आवतन

आमगावात आज कोणालाही विचारा, खेमराज रामटेके म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचे विनोदी प्रवेश लिहिणारा माणूस. नाटकांचा मोसम जवळ आला की कंपन्यांचे मालक त्याच्या अंगणात खुर्च्या टाकून बसतात. हसण्याचा भाग खेमराजनं लिहिला नसेल तर मंडप भरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोस्टरावर त्याचं नाव नायिकेच्या फोटोला अगदी खेटून छापतात. हाच गृहस्थ एके काळी टेबलाखाली उकिडवा बसून, नाव लपवून, कापडी बाहुल्याच्या तोंडानं बोलायचा, हे नव्या पोरांना सांगून खरं वाटत नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला ते नव्याण्णव साल. त्या वर्षी खेमराज ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव जाहिराती करत होता. साडीच्या दुकानाची जाहिरात असेल तर हा एकटाच नवरा व्हायचा आणि एकटाच बायको. बायको साडी मागायची, नवरा कारणं सांगायचा, आणि बाजारातली माणसं भाजी तशीच तराजूत ठेवून ऐकत उभी राहायची. केबलवाला सेवकराम बिसेन असाच एकदा उभा राहिला. त्यानं नुकतंच गावापुरतं चॅनल काढलं होतं आणि दाखवायला जुन्या गाण्यांपलीकडं काही नव्हतं.

"टीव्हीवर येतं काय?" सेवकरामनं विचारलं.

"येतो भाऊ. पण तोंड नाही दाखवनार. अन् नाव बी नाही सांगाचं."

सेवकरामला वाटलं, पोरगं लाजाळू आहे. लाजाळू वगैरे काही नव्हतं. त्यामागं एक जुनी गोष्ट होती. विशीच्या आत असताना खेमराज मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, रात्री होणाऱ्या दंडारीच्या खेळात सोंगाड्या होता. एका गावात त्यानं लोकांना पोट धरधरून हसायला लावलं. सकाळी पाटलानं कलाकारांना जेवायला बोलावलं आणि कौतुकानं त्याचं आडनाव विचारलं. खेमराजनं सांगितलं. मग बाकीच्यांची पानं ओसरीवर पडली आणि त्याचं गोठ्याच्या बाजूला. कोणी वाईट शब्द बोललं नाही, भातही गरमच वाढला. पण त्या पानावरून उठताना, आपण हसवू तेव्हा हसणाऱ्याला आपलं घर कळू द्यायचं नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं.

म्हणून बकाराम जन्माला आला. कागदाच्या लगद्याचं डोकं, सुतळीच्या मिशा, कोटाच्या गुंड्यांचे डोळे आणि खेमराजच्या आईच्या, देवकाबाईच्या, जुन्या लुगड्याचं मुंडासं. हा बकाराम म्हणजे महाचिक्कू म्हातारा. पाहुणा दिसला की आजारी पडणारा, दुसऱ्याच्या लग्नात तीनदा भात मागणारा. शनिवारी संध्याकाळी तो अर्धा तास टीव्हीवर यायचा आणि नळाला पाणी का नाही इथपासून जावयाला डोक्यावर का बसवता इथपर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायचा. खेमराज सगळं स्वतः लिहायचा आणि सगळे आवाज स्वतःच काढायचा. टेबलाखाली बसून त्याचे पाय बधिर व्हायचे, पण आवाजाला कधी मुंग्या आल्या नाहीत.

बकारामाला आडनाव नव्हतं, त्यामुळं त्याच्यावर सगळ्यांनीच हक्क सांगितला. पोवार म्हणायचे आमच्यातला, कुणबी म्हणायचे आमच्यातला, चिचगडकडून बाजाराला आलेले गोंड म्हातारे म्हणायचे, बोलते तं आमच्या मामासारखाच. खेमराज हे पानठेल्यावर उभा राहून ऐकायचा आणि सुखावायचा. देवकाबाई मात्र सुखावत नव्हती. ती बिड्या बांधत शेजारच्या टीव्हीवर कार्यक्रम पाहायची आणि घरी आल्यावर पोराला धारेवर धरायची.

"आवाज तुहा, अक्कल तुही, अन् नाव त्या चिंध्याचं काऊन?"

"नाव सांगतलं तं पाहतीन काय, मा, लोक?"

"नाही पाहतीन तं नोको पाहू. पन तू चोर हायेस काय?"

 यावर बकारामाकडं उत्तर असलं असतं, पण आईपुढं खेमराज त्याला बाहेर काढत नसे.

मग त्यानं बकारामाचं लग्न काढलं. रुख्मा नावाची दुसरी बाहुली केली, तिला ठसक्यात बोलणारा आवाज दिला, आणि चार शनिवार दोघांचं भांडण रंगवलं. आपल्याकडं लग्नाचं आवतन कसं असतं ते ठाऊकच आहे. घरी एक माणूस म्हणून सांगितलं तर एक जातो. चुलबंद म्हणून सांगितलं तर त्या घरची चूल त्या दिवशी पेटतच नाही, लेकरंबाळं सगळी मांडवात. चिक्कू बकाराम म्हणे घरी एक, रुख्मा म्हणे चुलबंद, नाहीतर मी माळ घालत नाही. शेवटी बकारामानं हात टेकले आणि टेबलावर उड्या मारत ओरडला, "बरं बाप्पा! येत्या इतवारी सप्पा आमगावले चुलबंद आवतन हाय जी! या, अन् मले बुडवा!"

लोक हसले. खेमराजला वाटलं, झालं, विनोद संपला. इथंच चुकला तो. बोलणारा बाहुला आहे हे काय लोकांना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण चुलबंद आवतन दिलं आणि आपण गेलो नाही, तर बोलावणाऱ्याचा अपमान होतो, हेही त्यांना तेवढंच कळत होतं. थोडी गंमत, थोडी रीत, असं करत रविवारी सकाळी माणसं निघाली ती थेट केबलच्या ऑफिसासमोर येऊन थांबली. बायांच्या हातात ब्लाउजपीस, पुरुषांच्या डोक्याला नवे दुपट्टे.

सेवकराम फटफटी घेऊन खेमराजच्या दारात आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"अबे, आले बे लोक! आहेर घेऊन आले!"

"मंग तुमी काय सांगतलं, भाऊ?"

"काय सांगू? मनलं, नवरदेवाचं घर भीमनगरात हाय, लायनीच्या पलीकडं."

खेमराज मटकन खाली बसला. इतकी वर्षं जपलेलं सगळं एका वाक्यात उघडं पडलं होतं. आता ही माणसं रेल्वे लाईन ओलांडतील, विहारावरचा पंचरंगी झेंडा पाहतील, आणि शनिवारी टीव्ही बंद ठेवतील. त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा ते गोठ्याजवळचं पान आलं.

देवकाबाईनं सूप खाली ठेवलं. "आवतन कोनं देल्लं?"

"बाहुल्यानं."

"बाहुल्यात कोन होता?"

खेमराजनं स्वतःच्या उजव्या पंजाकडं पाहिलं.

"मंग बसला काऊन? चूल पेटव."

मोहल्ल्यानं त्या दिवशी जे केलं त्याला तोड नाही. विहारातला पंगतीचा मोठा गंज, भाताचं पातेलं, आला, घराघरांतून तांदूळ आले, डाळ आली, कोणाच्या वाडीतली वांगी टोपलीनं आली. विचारायला कोणी थांबलं नाही. पाहुणे येईपर्यंत तीन दगडांवर वरण रटरटत होतं.

काही जण वळणावरूनच परत गेले. झेंडा पाहिला, एकमेकांकडं पाहिलं आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघाले. हे झालं, ते खोटं कशाला सांगायचं? पण बाकीचे आले. पुष्कळ आले. अंगण भरलं, रस्ता भरला, आणि देवकाबाई दारात पाण्याचा लोटा घेऊन नवरदेवाच्या आजीच्या तोऱ्यात उभी राहिली.

खेमराजनं अंगणात दोन बल्ल्यांना लुगडं बांधून आडोसा केला होता. त्यामागं बसून लग्न लावायचं, असा त्याचा बेत. देवकाबाई आली आणि तिनं लुगडं एका झटक्यात ओढून काढलं.

"पाहुने पडद्यामागून घेत नाही कोनी."

खेमराज उघडा पडला. एका हातात बकाराम, दुसऱ्या हातात रुख्मा, आणि समोर सगळं आमगाव त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतं. कोणी हसेना, कोणी बोलेना.  मग बकारामच बोलला.

"पाहून काय राहिले जी? जलमात पयल्यांदा फुकट जेवाले देऊन राहिलो. बसा लवकर, नाहीतं माहं मन बदलन!"

हास्याचा असा कल्लोळ झाला की झाडावरचे कावळे उडाले. लग्न लागलं ते भीमनगरच्या रीतीनं, फुलं टाकून. काहींनी पदराच्या गाठीला अक्षता बांधून आणल्या होत्या, त्यांनी अक्षता टाकल्या, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. मग पंगत बसली. माणसं मांडीला मांडी लावून बसली, जेवली, आणि बकारामासारखी तीनतीनदा भात मागू लागली. वाढता वाढता खेमराजचे डोळे भरून येत होते. त्याला प्रत्येकाच्या पाया पडावंसं वाटत होतं.

तरी मनात एक शंका होतीच. गमतीगमतीत मांडवात जेवणं वेगळं. आज हसतील, उद्या लाईनीपलीकडं जाऊन विसरतील.

पंगत उठल्यावर बाजारात मुरमुरे विकणारी म्हातारी अनुसयाबाई पितळेचा डबा घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. तिचा नवरा लकवा मारून वर्षभर खाटेवर होता.

"यात भरून दे रे बापू. बुढा घरी हाय."

खेमराजला नीट उमजेना. "घरी नेता, बाई?"

"मंग? चुलबंद होतं ना? म्या चूल कायले पेटवू? शनिवारी त्या तुह्या बकारामालेच पाहून थो हासते. बाकी दिवस भिंतीकडं तोंड करून पडला राहते."

देवकाबाई पुढं झाली. तिनं डब्यात भात दाबून भरला, वर वरण घातलं, भाजी घातली, आणि झाकण घट्ट लावलं. हे अन्न आता लाईन ओलांडून अनुसयाबाईच्या घरात, तिच्या माणसाच्या तोंडात जाणार होतं. मायलेकांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघंही रडली असती.

दारातून अनुसयाबाई मागं वळली.

"बुढा विचारन, कोनाच्या घरचं जेवन हाय मनून. तुहं नाव काय?"

खेमराजच्या गळ्यात बकाराम होता, रुख्मा होती, अख्ख्या बाजाराची माणसं होती. त्यानं त्यातला एकही आवाज काढला नाही.

"खेमराज रामटेके," तो म्हणाला. "देवकाबाईचा पोरगा. भीमनगर."

"बरं," अनुसयाबाई म्हणाली, आणि डबा पदराखाली धरून घराकडं चालू लागली.