उघाडीवरच्या रेघा

"भिंत पुसायची नाय म्हंजे नाय!"

"बाई, उद्या मोठे साहेब येतायत. ही काय केबिन आहे? कोळशाची वखार वाटते!"

"वाटू दे."

नावड्याजवळच्या उघाडीवर सुपरवायझर नंदकुमार आणि बायजाबाई असे भांडत होते आणि रंगारी ब्रश धरून ताटकळला होता. माझी बहीण वैशाली दारातच थबकली. संख्याशास्त्रात पीएचडी करत होती. खाडीच्या पाण्याच्या नोंदी मागायला आली होती. साल चौऱ्याण्णव.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. खाडी उतरली की आपसूक उघडतं, गावातलं पाणी बाहेर जातं. खाडी चढली की मिटतं. त्यावर लक्ष ठेवायचं काम बायजाबाईचं. आधी सगळी हयात मिठागरात गेलेली.

"नोंदी या रजिस्टरात," नंदकुमार म्हणाला. "रोजची सगळ्यात उंच पातळी. पाणी बांधावरून कधीच गेलेलं नाही. गावानं केलेली पंपाची मागणी उद्या निकालात निघेल."

"मंग गेल्या भादव्यात आमच्या घरात गुडघाभर पानी कुटून आलं? तुमी वतलं?"

वैशाली भिंतीपाशी गेली. "मावशी, या कोळशाच्या रेघा कसल्या?"

"तिथीवरनं पानी किती यावं ते मिठागरवाल्याला ठाव असतं. जास्त आलं तर रेघ उजवीकडं, कमी तर डावीकडं. दर तासाला. दिवसा मी, राती आमचे मालक, भगवान."

सहा वर्षांच्या रेघा! भिंतभर उभ्या दोऱ्या ताणलेल्या; बहुतेक रेघा आपापल्या दोरीला चिकटलेल्या, लांब अगदी मोजक्या. भादव्यातल्या छत्तीस मात्र ओळीनं उजवीकडे, बोटबोटभर.

"सर, एकही रेघ मोठी नाही, म्हणून तुमच्या रजिस्टरात काहीच दिसत नाही," वैशाली म्हणाली. "पण छत्तीस तास खाडी जराजराशी वर राहिली. ओहोटीलाही दार पुरतं उघडलं नाही. पाऊस आतल्या आत साठला."

"असं हजार वर्षांत एकदा होतं हो!"

"प्रत्येक रेघ सुटी धरली तर त्याहूनही क्वचित. पण त्या सुट्या नाहीत. वारा एकदा खाडीत शिरला की लगेच निघत नाही. एक रेघ उजवीकडे गेली की पुढचीही तिकडेच झुकते. म्हणून असं पुन्हापुन्हा होऊ शकतं, आणि सगळ्यांची बेरीज इतकी वर जाण्याची शक्यता काढता येते. ती या भिंतीवरूनच निघेल. दोन वर्षं मी असल्याच नोंदी शोधतेय."

नंदकुमारनं भादव्यातल्या रेघा मोजल्या, छत्तीस भरल्या. मग रंगाऱ्याला म्हणाला, "ही भिंत सोड. बाकीच्या तीन रंगव." आणि वैशालीला, "उद्या अकराला या. साहेबांना हे तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

वैशालीनं वाकून बायजाबाईच्या पायांना हात लावला. बाई एकदम मागे सरली.

"मावशी, प्रबंधात आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचं आणि भगवानकाकांचं. पूर्ण नाव सांगा ना."

बायजाबाईनं पदरानं तोंड पुसलं, कोळशाचा तुकडा उचलला आणि पुढच्या रेघेसाठी पाणी बघायला बाहेर गेली.