दूध सोडलेली पंचफुला

वरूडच्या संत्र्याच्या शेडमध्ये पंचफुलाबाईसारखे हात दुसऱ्या कोणाचे नव्हते. डोळे मिटून फळ घेतलं तरी ते लहान, मध्यम की मोठं, तिची बोटंच सांगत. पण बाईला एका जागी बूड टेकणं काही माहीत नव्हतं. फळं निवडता निवडता दहा वेळा उठायची, रस्त्यावर डोकावायची. अमरावतीची एसटी आली की हातातलं फळ हातातच राहायचं.

कारणही तसंच होतं. सात वर्षांपूर्वी, बागा उभ्या वाळत होत्या त्या साली, घरात एक गाय तेवढी उरली होती आणि तिचं थेंब न् थेंब दूध हॉटेलात जायचं. एके दिवशी सतरा वर्षांच्या नीलमनं गिलासभर दूध पिऊन टाकलं. पंचफुलानं चार बायांसमोर तिच्या थोबाडीत दिली. पोरगी दुपारच्या एसटीनं गेली, ती गेलीच. महिन्यानं सुरतेहून चिठ्ठी आली, 'मी बरी आहे, शोधू नका.' पत्ता नाही, काही नाही. पंचफुलानं देवापुढं हात जोडले, "पोरगी उंबरठ्यावर येईस्तोवर दूध-दही तोंडाले लावनार नाही." गळ्यात तुळशीची माळ, अंडं-मटण तर आधीच वर्ज्य. पुढं गायही विकली.

यंदा तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग बोटं मुकीच झाली. लहान फळं मोठ्यांत जायला लागली. चालताना पाय भलतीकडं पडायचा. मुकादम नत्थुजी म्हणाले, "अशक्तपना आहे बाई. संत्री खा! संत्र्यात विटामिन असते." तिनं रोज दहा-दहा संत्री खाल्ली. फरक कशाचा? जिभेची नुसती आग व्हायची.

मग ती गप्प गप्प राहू लागली आणि गाव घाबरलं. दुष्काळापासून गावात कर्जापायी दोघा-तिघांनी औषध पिऊन जीव दिला होता; कोणी गुमसुम दिसलं की लोक त्याच्यावर नजर ठेवायचे. शेजारच्या गंगूबाईनं तर पंचफुलाच्या घरातला फवारणीच्या औषधाचा डबा न विचारताच उचलून नेला. पंचफुला भडकली, "मले काय मराचं आहे वं? मी मेली तं पोरगी आल्यावर दार कोन उघडन?"

गंगूबाई तीन वर्षांपूर्वीच या गल्लीत आलेली. तिनं नीलमला पाहिलंच नव्हतं. विषय बदलायचा म्हणून ती म्हणाली, "दिसाले कशी होती वं तुही पोरगी?"

"गोरी. लांब केस. गालावर तीळ."

"कोन्या गालावर?"

पंचफुलानं डोळे मिटून आठवून पाहिलं. उजव्या? डाव्या? फोटो एकच होता, तोही वाळवीनं खाल्लेला. रात्रभर ती खोलीत येरझारा घालत राहिली. उजाडताच सरकारी दवाखान्यात जाऊन उभी राहिली.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. चार दिवसांनी सिस्टर अमरीननं कागद समोर धरला. "काकू, बी-बारा नावाचं विटामिन तुमच्यात उरलंच नाही. त्याच्याविना नसा सुकतात. हात-पाय, डोकं, सगळं मंद होते."

"मी तं रोज दहा संत्री खातो माय!"

"संत्र्यातलं विटामिन वेगळं. हे फळात नसते, भाजीत नसते. दूध, दही, अंडी, मटन, यांतच असते. माळ आहे म्हून अंडी नाही सांगत. पन दूध काहून सोडलं?"

पंचफुलानं सांगितलं. अमरीननं कागदाची घडी करून तिच्या हातात दिली.

"विसरनं याच्यानंच होऊन राहिलं का?" पंचफुलानं विचारलं.

"होय काकू. सुया देतो. लौकर आल्या, आता वाढनार नाही. पन गेलेलं सगळं वापस येईन, असं मी म्हनत नाही. मंग जन्मभर दूध, नाही तं गोळी."

"मंग गोळीच द्या. नवस नाही मोडत मी."

अमरीननं दंडात लाल सुई दिली, गोळ्यांची पुडी दिली. "दवाखान्यात कधी असतात, कधी नसतात. खंड पडू देऊ नका."

पंचफुला तरातरा निघाली, अडखळली, पुन्हा निघाली. तिला स्वतःचाच राग येत होता. ज्या नवसानं पोरगी यायची, तोच नवस पोरीला आतून पुसत होता. उद्या गोळ्यांत खंड पडला, ती दारात उभी राहिली आणि आपणच विचारलं, कोन वं तू? तर?

घरी न जाता ती गंगूबाईच्या दारात थांबली. "गिलासभर दूध दे."

गंगूबाईला नवस ठाऊक होता, तरी तिनं दूध आणलं. पंचफुला तो गिलास घेऊन आपल्या उंबरठ्यावर बसली. त्या दिवशी नीलम इथंच तिच्या समोर उभी होती. पंचफुलानं गिलास खाली ठेवला आणि तिचा उजवा हात आपोआप वर उठला, त्या दिवशी उठला होता तसाच. समोर पोरीचा डावा गाल आला.

"डावा!" ती ओरडली. "गंगू, डावा गाल! थ्या तिळावरच मारलं वं मी!"

ती हमसून हमसून रडली. मग डोळे पुसले, मुक्या बोटांनी गिलास दोन्ही हातांत घट्ट धरला आणि तळापर्यंत रिकामा केला.

"उद्याही आनजो," ती म्हणाली.