विचारण्याआधी आलेलं उत्तर

सुब्राय भट स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला होता. ही गोष्ट सिरसीत कुणीही सांगेल, आणि मुहूर्त किती हुकला ते दरवर्षी थोडं वाढवून सांगेल. नवरदेवाची जीप चिखलात रुतली होती हे खरं, पण जीप मुळात निघालीच उशिरा, हेही खरं. मांडवाच्या दाराशी नवरीचा, म्हणजे भागीरथीचा, थोरला भाऊ गजानन हेगडे उभा होता. त्याने जावयाला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाला, "या भावय्या, या. घाई कशाला केलीत? भागीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आला असता तरी चाललं असतं."

मेव्हण्यांनी एकमेकांना भावय्या म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. पण त्या शब्दात इतका खवचटपणा भरता येतो हे सुब्रायाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

माणूस तसा गुणी. शाल्मला सुपारी संघाच्या कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याला हार घालून लांब उभे राहिले. सुब्राय मात्र बंगळूरहून पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचं जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि वर्षभरात संघाचा सगळा कारभार त्याने त्या भाषेत बसवला. सुपारीची पोती, प्रतवारी, टेंडर, सगळं. फक्त रोज सकाळी तो स्वतः उशिरा यायचा. त्याच्यासाठीच संघाचे अध्यक्ष जोशी यजमान यांनी कचेरीतलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवलं होतं. अर्थात काही महिन्यांत सगळ्यांना ते माहीत झालं, आणि सगळेच मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून यायला लागले. सुब्राय त्याहून थोडा उशिरा यायचा. यजमानांचा आणखी एक नियम होता: कचेरीत एकच वेळ. मनगटावरची, भिंतीवरची आणि मशीनमधली.

मग नीरगान गावच्या शाखेत मशीन बसलं. शाखा म्हणजे गजानन हेगड्यांच्या घराची ओसरी. तिथलं मशीन टेलिफोनच्या तारेवरून सिरसीशी बोलायचं. सिरसीच्या प्रोग्रामने विचारायचं, आज किती पोती आली. नीरगानच्या प्रोग्रामने सांगायचं. हे बोलणं नीट चाललंय की नाही ते कळावं म्हणून सुब्रायाने लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, बसवला. कोणत्या प्रोग्रामने किती बोलायचं, कुजबुजलेलं कुठे टिपायचं आणि बोंब मारली तर कुठे ऐकू जायला हवी, हे सगळं त्याने एका छोट्या फाइलीत लिहिलं. गावातल्या मशीनचं बोलणं आणि लांबच्या मशीनचं बोलणं एकाच लॉगमध्ये येऊन पडायचं, आणि जे मशीन बोलेल त्याने प्रत्येक ओळीवर आपल्या घड्याळातली वेळ मारायची. संध्याकाळी सगळ्या ओळी वेळेप्रमाणे लावून कागद छापून निघायचा. सुब्रायाला या कामाचा इतका अभिमान वाटला की त्याने यजमानांना सांगून सर्वसाधारण सभेत लॉग असाच निघेल असा ठराव करून घेतला. संघात ठराव झाला की ती गोष्ट पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही.

पहिल्या संध्याकाळचा कागद यजमानांनी चष्मा पुसून दोनदा वाचला.

"सुब्राया, हे काय आहे?"

"लॉग आहे, यजमान. आपण नीरगानला काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं."

"ते दिसतंय मला. पण त्यांनी आधी सांगितलंय आणि आपण नंतर विचारलंय!"

सुब्रायाने कागद घेतला आणि ओळींवरच्या वेळा ताडून पाहिल्या. गजानन आपली घड्याळं रेडिओवरच्या बातम्यांच्या ठोक्यावर लावायचा. सिरसीचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. त्यामुळे सिरसीने प्रश्न टाकल्याबरोबर नीरगानने उत्तर दिलं की कागदावर ते दहा मिनिटं आधी पडायचं. साधा हिशेब होता. त्याने तो यजमानांना समजावला.

"म्हणजे आपलं घड्याळ चुकलंय असं तुझं म्हणणं?"

"पुढे आहे, यजमान."

"पुढे आहे हे सगळ्यांना माहीत आहे ना?"

"हो."

"सगळ्यांना माहीत आहे, मग चुकलं कसं? चूक ती, जी कुणाला माहीत नसते." यजमानांनी कागद फळ्यावर लावायला दिला. "तुझ्या मेव्हण्याचं डोकं बघ. काय विचारणार ते आधीच ओळखतो. नाहीतर तू!"

तेवढ्यावर थांबलं असतं तर सुब्रायाने गिळलं असतं. पण फळ्यावरचा कागद वाचायला बागाइतदारांची गर्दी व्हायला लागली. टेंडरच्या दिवशी चहा सोडून लोक लॉग वाचायचे. कुणी म्हणालं, गजानन हेगड्यांना कौड्या टाकून भविष्य सांगायची विद्या येते. एक म्हातारा आपल्या हरवलेल्या गाईबद्दल विचारायला नीरगानला गेला आणि वाटेतच गाय सापडली, तेव्हा तर विचारूच नका. विचारण्याआधीच उत्तर मिळालं म्हणून त्याने हेगड्यांच्या ओसरीवर नारळ ठेवला. गजाननाने नारळ ठेवून घेतला.

आणि मग संचालक मंडळात विषय निघाला: जो विचारण्याआधी उत्तर देतो, त्याला विचारायला मुख्य कचेरी हवीच कशाला? मुख्य कचेरीच नीरगानला न्यावी, सिरसी शाखा करावी. लॉगचं मशीन मुख्य कचेरीबरोबर जाईल, आणि मशीनबरोबर सुब्राय.

नीरगान म्हणजे सुब्रायाची सासुरवाडी. राहायचं मेव्हण्याच्या घरात, जेवायचं मेव्हण्याच्या पंगतीत, आणि कामही मेव्हण्याच्या हाताखाली. सिरसीत त्याला सगळे मानाने भटरे म्हणत. नीरगानला तो जन्मभर नुसता भागीचा नवरा होणार.

"मला घरजावई करताहेत गं," तो घरी येऊन म्हणाला.

"मग काय झालं?" भागीरथी फणसाचे पापड उलटत म्हणाली. "मी वीस वर्षं तुमच्या घरी राहिले, मी कुठे बोंबलले?"

त्याने यजमानांचे पाय धरले. एक दिवस, फक्त एक दिवस, कचेरीचं घड्याळ बरोबर लावून बघू. यजमान कधी नव्हे ते कबूल झाले. सुब्रायाने भिंतीवरचं घड्याळ मागे घेतलं, मशीनचंही घेतलं, सगळ्यांना मनगटावरचीही मागे घ्यायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी कचेरी दहा मिनिटं उशिरा आली, कारण सवयीने सगळ्यांनी वजाबाकी केलीच. टेंडर उशिरा उघडलं, बागाइतदारांनी आरडाओरडा केला, कारकुनांची भांडणं झाली. सुब्राय तर इतका उशिरा आला की भांडणंही संपली होती. संध्याकाळच्या कागदावर नीरगानची उत्तरं प्रश्नांच्या मागोमाग, शहाण्यासारखी उभी होती.

"बघा यजमान! आता बरोबर आलं की नाही?"

"बघतोय ना," यजमान कडाडले. "तुझा हात लागला आणि नीरगानसुद्धा बिघडलं!"

घड्याळ पुन्हा पुढे गेलं आणि सुब्रायाचं बिऱ्हाड नीरगानला.

गजाननाने स्वागत जोरात केलं. दारात उभा राहून म्हणाला, "या भावय्या. यावेळी फार उशीर नाही केलात. वीसच वर्षं लागली." मग हाताला धरून आत नेलं, गुळाचा तोडदेव, म्हणजे कागदासारखी पातळ गोड पोळी, स्वतः वाढला आणि तूप इतकं ओतलं की सुब्रायाला नाही म्हणायची सोय राहिली नाही.

मुख्य कचेरी आता ओसरीवर. नीरगान विचारायचं, सिरसी सांगायची. सिरसीचं घड्याळ दहा मिनिटं पुढेच होतं, त्यामुळे तिथलं उत्तर कागदावर दहा मिनिटांनी पडायचं. यजमान आठवड्यातून एकदा जीपने येत, कागद वाचत आणि मान हलवत. "किती आळशी कचेरी होती रे ती. आपण वेळीच हललो." सुब्रायाला रडावं की हसावं कळेना.

मग एका सकाळी आंघोळ करताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. सिरसीचं घड्याळ पुढे का होतं? त्याच्या उशिरामुळे. तो इथेही रोज उशिरा आला तर भावय्या इथलंही घड्याळ पुढे लावील. इथलं घड्याळ सिरसीच्याही पुढे गेलं की सिरसी विचारण्याआधी उत्तर द्यायला लागेल, आणि यजमान कचेरी उचलून परत नेतील. आयुष्यभर ज्या खोडीपायी शिव्या खाल्ल्या, तीच आता घरी पोचवणार होती. फक्त उशीर करायचा. त्यात तर त्याचा हातखंडा.

पण सासुरवाडीत उशीर करणं सोपं नव्हतं. सासूबाई पहाटे कषायाचा, म्हणजे धणे-जिऱ्याच्या काढ्याचा, पेला घेऊन उशाशी उभ्या. भागी धोतर घडी करून हातात देई. आंघोळीचं पाणी तापलेलं, पानावर डोसा पडलेला, आणि कचेरी उंबऱ्यापलीकडे. नको नको म्हणता सुब्राय रोज वेळेवर खुर्चीत जाऊन पडायचा. "भावय्या," गजानन म्हणायचा, "तुम्ही तर सुधारलात! उगाच बिचाऱ्याला नावं ठेवली मी इतकी वर्षं." सुब्रायाला इतका संताप यायचा की विचारता सोय नाही. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला वक्तशीर म्हणत होतं, तेही नको तेव्हा.

शेवटी तो मागच्या दाराने पळायला लागला. न्याहारी झाली की हात धुवायच्या निमित्ताने सुपारीच्या बागेत शिरायचा आणि कालव्याच्या काठी मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसायचा. पुरेसा उशीर झाला की धापा टाकत ओसरीवर यायचा. पहिल्या दिवशी गजानन हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "गुण उधळले वाटतं पुन्हा." असं काही दिवस चाललं. मग एका सकाळी त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि काटा पंधरा मिनिटं पुढे सरकवला.

"आता बघतो कसे उशिरा येता ते. आणि मशीनचंही पुढे घ्या. भिंतीवर एक आणि मशीनमध्ये एक, असली दोन तोंडं माझ्या ओसरीवर चालायची नाहीत."

सुब्रायाने मशीनचं घड्याळ लगेच पुढे घेतलं.

त्या आठवड्यात यजमान आले, कागद उघडला आणि खुर्चीतून अर्धे उठले. "अरे! सिरसी विचारण्याआधी सांगायला लागली!" तोंडातला पानाचा कवळ त्यांनी घाईने बाहेर जाऊन थुंकला. "आणि तुम्ही इथे बसून प्रश्नच उशिरा विचारताय, हेगडे? लाज नाही वाटत?"

मुख्य कचेरी परत सिरसीला न्यायचं ठरलं, मशीनबरोबर सुब्रायही परत. ओसरीवर नारळ ठेवणारे लोक दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या रस्त्याने जायला लागले.

निघायच्या दिवशी भागी आणि सामान जीपमधून पुढे गेलं. लॉगच्या मशीनची खोकी बांधून सुब्राय मागून एस.टी.ने जाणार होता. नीरगानला दिवसातून एकच गाडी. गजानन त्याला सोडायला थांब्यापर्यंत आला. हातात फणसाच्या पापडांची पिशवी होती. गाडी यायला अवकाश होता. पुढे लावलेल्या घड्याळामुळे दोघं लवकर पोचले होते.

"भावय्या," गजानन रस्त्याकडे बघत म्हणाला, "कालव्याकाठी मच्छर फार चावतात, नाही?"

सुब्रायाने सदऱ्याची बाही मनगटावरच्या घड्याळावर ओढली.

"मी रोज बघायचो तुम्हाला. हातातलं घड्याळ बघत बसलेले. उशीर व्हायची वाट बघणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"लॉगचा पहिला कागद आला तेव्हाच कळलं. सिरसीचं घड्याळ पुढे आहे हे कुणाला माहीत नाही?" तो थोडा हसला. "पण लोक म्हणत होते हेगड्यांना आधी कळतं. बरं वाटत होतं हो ऐकायला. मला आयुष्यात कुणी हुशार म्हटलं नव्हतं. वाटलं, चालतंय तोवर चालू दे. मग तुम्ही बागेत जाऊन बसायला लागलात. म्हटलं, माणसाला इथे राहायचं नाही. जाऊ दे त्याला घरी."

तेवढ्यात गाडी आली. गजाननाने पिशवी खिडकीतून आत कोंबली. "पापड तळून घ्या. भाजून नका खाऊ."

सिरसीत सगळं पूर्ववत झालं. सुब्राय पहिल्याच दिवशी उशिरा आला. एकच धास्ती त्याला होती: गजाननाने आता घड्याळ मागे घेतलं असेल, म्हणजे नीरगानची उत्तरं पुन्हा आधी यायला लागतील आणि वरात पुन्हा निघेल. संध्याकाळी भीतभीत त्याने कागद काढला.

नीरगानची उत्तरं उशिरा येत होती. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर तेच. भावय्याने काटा तिथेच ठेवला होता, सिरसीच्याही पुढे. यजमान रोज फळ्यासमोर उभे राहून हेगड्यांचा उद्धार करत: "आळशी झालाय तो! सगळं पुण्य संपलं त्याचं!" बागाइतदार हसत. गाईवाला म्हातारा म्हणाला, गाय तर आपण आपल्या अकलेने शोधली होती.

सुब्रायाला ते ऐकवेना. एका दुपारी त्याने नीरगानला फोन लावला.

"भावय्या, ऐका माझं. घड्याळ मागे घ्या. पुन्हा यावं लागलं तर येईन मी तिथे. इथे सगळे तुम्हाला नाही नाही ते बोलतात."

पलीकडे अडकित्त्याने सुपारी कातरल्याचा आवाज आला.

"बोलू दे हो," गजानन म्हणाला. "काटा आहे तिथेच बरा आहे. तुम्ही भागीला घेऊन दिवाळीला येणार ना? परत जाताना तुमची गाडी चुकायला नको."