निरगुडीचं पाणी

दहावीच्या वर्षी माझा डावा पाय जड झाला आणि घरात सगळे एकदम वैद्य झाले. सावद्याला आमची केळीची बाग. घरात शब्द चालायचा तो आत्याचा. वडिलांची ही मोठी बहीण, सगळे तिला अक्का म्हणायचे आणि तिच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. तिने पाय चाचपला, वात आहे म्हणाली. झालं, विषय संपला.

रोज सकाळी हंड्यात निरगुडीचा पाला उकळायचा. अंग भाजेल असल्या पाण्याने मला आंघोळ, वर घोंगडी गुंडाळून घाम काढायचा. त्यातून उठले की पाय लटपटायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे धुरकट व्हायचे. हे सांगितलं की अक्का खूश. वात निघतोय म्हणे! दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत. डोंबलाचा वात.

मला बरं वाटायचं ते फक्त बागेत. भर उन्हातही तिथे गारवा. पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलं की थोड्या वेळाने अक्षरं ठळक व्हायची, चालताही नीट यायचं. भूमितीची सगळी प्रमेयं मी तिथेच पाठ केली. दहावी झाली की जळगावला कॉलेजात जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एकदा अक्काने मला बागेत सरळ चालताना पाहिलं. घरी फरफटणारा पाय बागेत बरा चालतो, म्हणजे पोरगी कामचुकार, नाटकं करते, असं तिने गल्लीभर केलं. वर गारव्याने वात चढतो म्हणून बागही बंद. माझा नुसता तिळपापड व्हायचा, पण ऐकतो कोण?

गणिताच्या पेपरच्या दिवशी, अंगात जोर यावा म्हणून, तिने एकाऐवजी दोन हंडे तापवले. मी नको नको म्हणत होते. भाऊ, म्हणजे माझे वडील, ओट्यावर मान खाली घालून चहा पीत होते. वर्गावर पत्रे, बाहेर मार्चचं ऊन. प्रश्नपत्रिका हातात आली ती नुसती करडी. मी अंदाजाने लिहीत गेले, ओळीवर ओळ चढवत. नापास झाले. ऑक्टोबरला पुन्हा बसू दिलं नाही. आधी बरी हो म्हणाले.

काही वर्षांनी भाऊ मला मुंबईला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. वात नव्हताच कधी. उष्णतेने त्रास वाढतो, गरम पाण्याची आंघोळ टाळा, हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

बाहेर येऊन भाऊ बाकावर बसले. मग म्हणाले, "बागेत तुले बरं वाटे. मले दिसे ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिसत होतं, तर बोलला का नाहीत, मी विचारलं.

"अक्कासमोर कसा बोलू?"

अक्काला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. तरी हे त्यांनी हळू आवाजातच सांगितलं.