ओला जिना आणि कवळीवाला

पहाटे साडेचारला तिचा दिवस सुरू व्हायचा. नवरा वखारीतून रात्रपाळी करून परत येईपर्यंत तिचं झाडून, पाणी भरून आणि आत्याबाईंसाठी पाव दुधात भिजवून झालेलं असायचं. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. तोंडात एकच दात उरलेला, तोही खालचा, कडेचा. त्या दाताचा खाण्याला उपयोग नव्हता. आत्याबाई म्हणायच्या, तो राखणीला ठेवलाय.

तीन मजली इमारतीच्या पायथ्याशी, मागच्या बाजूला, तिची एक खोली होती. जिना धुणं हे तिचं काम. इमारतीत सगळे तिला जिनेवाली म्हणायचे आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. जिना धुणं म्हणजे पाण्याची बादली उपडी करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. आधी वरपासून खालपर्यंत साबणाचं पाणी सोडायचं आणि मळ भिजू द्यायचा. मग वरून घासत यायचं. कोपऱ्यात केरसुणी उभी धरायची, आडवी धरली की घाण नुसती सरकते. शेवटी घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. फडकं नीट पिळलं नाही तर पायरीवर डाग राहतात. हे सगळं आटोपेपर्यंत जिन्यावर कुणीही पाऊल टाकायचं नाही. सेक्रेटरीसाहेबसुद्धा हातात पिशवी घेऊन आपल्या दारात उभे राहायचे.

"बाई, मला उशीर होतोय."

"मग लवकर उठायचं, साहेब."

साहेब पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचे. भांडायला गेलं तर ती केरसुणी खाली ठेवेल आणि उद्यापासून जिना कोण धुणार, हा प्रश्न त्यांच्याच गळ्यात येईल.

त्याच साहेबांनी एक दिवस तिच्यावर आणखी एक काम टाकलं. दारोदार फिरणारे विक्रेते फार झाले होते. कुणी गाद्या झटकून देतो म्हणायचा, कुणी पाणी तपासून. एकाने तर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना न विटणारा रंग म्हणून खडूचं पाणी विकलं होतं.

"तू दाराशीच असतेस. संशयास्पद दिसला की हाकलायचा," साहेब म्हणाले. जादा पगाराचं नावही त्यांनी काढलं नाही.

खरं तर हाकलायचं काम आत्याबाईच करायच्या. जिन्याच्या पायथ्याशी त्यांचं स्टूल होतं. त्या स्वतः ऐन उमेदीत डोक्यावर टोपली घेऊन दारोदार भाजी विकत फिरलेल्या. पण आता दातांविना त्यांचं बोलणं पार गिळगिळीत झालं होतं. सुनेशिवाय कुणाला काही उमजत नसे. ज्या बाईच्या आरोळीने गल्ली उठायची, तिला पाणी मागायला सुनेची मदत लागायची. सुनेला याचंच वाईट वाटायचं. दोन वर्षं ती जिन्याच्या पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होती, ते आत्याबाईंच्या कवळीसाठी. वरची आणि खालची, दोन्ही.

तोवर दुभाष्याचं काम तिच्याकडेच होतं. गादीवाला आला की आत्याबाई तोंड वाकडं करून काहीतरी पुटपुटायच्या.

"काय म्हणतायत आजी?" गादीवाला विचारायचा.

आजी म्हणालेल्या असायच्या, मेल्या, आधी स्वतःचा सदरा झटक. सून सांगायची, "म्हणतायत, आमच्या गाद्या स्वच्छ आहेत."

अशी त्या दोघींनी निम्मी गल्ली वाचवली. आणि मग कवळीवाला आला.

तो आला तेव्हा तिचं साबणाचं पाणी नुकतंच सोडून झालं होतं. हातात काळी पेटी, अंगात इस्त्रीचा शर्ट. ती ओरडणार तेवढ्यात तो आपणहून थांबला. खाली वाकला, बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि म्हणाला, "ताई, तुम्ही इतकी मेहनत घेताय. मी कडेकडेने जाऊ की थांबू?"

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानेही नाही. ती तिथेच विरघळली.

"थांबायचं कशाला? आणलंय काय?"

"दात," तो म्हणाला. "घरी येऊन माप घेतो. दवाखान्याच्या निम्म्यात."

तिच्या हातातली केरसुणी तशीच राहिली. तिने त्याला थेट आत्याबाईंच्या स्टुलापाशी नेलं. त्याने पेटीतून मेणाचा गुलाबी गोळा काढला, गरम पाण्यात मऊ केला आणि म्हणाला, "आजी, आ करा."

आत्याबाईंनी आ केला. मग मिटला. राखणीच्या दाताने आपलं काम चोख केलं. कवळीवाला बोट धरून दोन पावलं मागे सरला.

आत्याबाई म्हणाल्या, हा चोर आहे बये. माल दाखवायच्या आधी पैशांचं बोलतोय. भाजीवालीसुद्धा आधी टोपली खाली ठेवते.

"काय म्हणतायत?" बोट चोखत त्याने विचारलं.

ती म्हणाली, "विचारतायत, कधी मिळेल?"

आत्याबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिने डोक्यावर पदर ओढून घेतला असता. पण सुनेला त्या वेळी त्याचे उघडे पाय दिसत होते. एवढ्या निगुतीने जिन्यावर पाय ठेवणारा माणूस कुणाला फसवील, हे तिला पटेना. एवढंच करून ती थांबली नाही. वर जाऊन तिने पेन्शनर काकांना सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनाही त्यांच्या वडिलांसाठी सांगितलं. "माणूस चांगला आहे. मी बघितलाय." जिनेवालीने बघितला म्हणजे झालंच. सगळ्यांनी तोंडं उघडली. कवळीवाला मेणाचा गोळा घेऊन दारोदार फिरला आणि जाताना म्हणाला, "उद्या पैसे द्या, आठवड्यात दात हजर."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हाही तिच्याच वेळेला. बूट हातात. तिने साठवलेले पैसे रुमालात बांधून आणले होते. ते सगळे तिने त्याच्या हातावर ठेवले, कारण पूर्ण दिले तर पॉलिश फुकट, असं तो म्हणाला होता. पैसे पेटीत गेले आणि तो कडेकडेने, बोटांवर चालत, वर गेला. आत्याबाईंनी स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी सुनेशी अबोला धरला होता. तसंही त्यांचं बोलणं तिलाच काय ते कळायचं, म्हणजे आत्याबाईंचं सगळ्या जगाशीच बोलणं बंद.

ती घासत, पुसत पहिल्या मजल्याच्या वळणावर आली. खालच्या सरळ पायऱ्या साबणाने नुसत्या चकाकत होत्या. तेवढ्यात वरून पावलं वाजली. टक टक टक.

उघड्या पायांचा असा आवाज येत नाही.

तिने मान वर केली. कवळीवाला येत होता, पायात बूट, पेटी काखेत. नुकत्याच पुसलेल्या पायऱ्यांवर दुसऱ्या मजल्यापासून बुटांचे काळे ठसे उमटत आले होते.

रागाच्या आधी तिच्या डोक्यात आलं ते हे: वर जाताना याला माझी गरज होती. आता उतरताना नाही.

तिने केरसुणी कठड्यापासून भिंतीपर्यंत आडवी लावली.

"ताई, गाडी चुकेल माझी."

"चुकू दे. जिना पुसा."

"काय?"

"ठसे तुमचे आहेत. फडकं घ्या. दुसऱ्या मजल्यापासून पुसत या. आणि बूट काढा."

"अहो, मी काय तुमचा नोकर आहे?"

"काल विचारत होतात कडेकडेने जाऊ का. कुठे गेला तो माणूस?"

तो केरसुणी ढकलून जायला बघू लागला. वीस वर्षं बादल्या उचललेल्या हाताने ती धरली होती, ती काय हलते! वरून पेन्शनर काकांनी डोकं बाहेर काढलं. "काय झालं गं?" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं दार उघडलं. माणसं बघतायत म्हटल्यावर कवळीवाल्याने हसू आणलं, पेटी केरसुणीपलीकडे खालच्या पायरीवर ठेवली आणि बूट काढायला वाकला.

साबणावर ठेवलेली पेटी तशी थोडीच राहते! ती सरकली. एक पायरी, दुसरी, मग धाडधाड करत सगळ्या पायऱ्या उतरून थेट आत्याबाईंच्या स्टुलाला धडकली आणि उघडली.

आत एक जुनी कवळी होती, नमुन्याची. नोटांची जाडजूड गुंडाळी होती. आणि मेणाचा गोळा होता. एकच. त्याच एका गोळ्यावर आधी आत्याबाई चावल्या, मग काका, मग वहिनींचे वडील. प्रत्येकाचं माप आधीच्याचं पुसत गेलं होतं. गोळ्यावर उरलं होतं शेवटचं एक तोंड.

कवळीवाला एका पायात बूट, एका पायात मोजा, अशा अवताराने खाली धावला. निदान त्याला तसं करायचं होतं. तिसऱ्या पायरीवरून पुढचा प्रवास त्याने बसूनच केला. तो खाली पोचला तोवर आत्याबाईंनी नोटांची गुंडाळी उचलली होती, स्टुलावर ठेवली होती आणि तिच्यावर बसल्या होत्या.

"आजी, उठा. माझे पैसे आहेत."

आत्याबाई बोलल्या. बऱ्याच बोलल्या.

"काय म्हणतायत?" तो केविलवाणा होऊन म्हणाला.

सुनेने वरून एक शब्दही न गाळता सांगितलं. मधले दोन शब्द ऐकून वहिनींनी वडिलांचे कान झाकले. कवळीवाल्याने स्टुलाकडे पाहिलं, आत्याबाईंच्या त्या एका दाताकडे पाहिलं आणि पेटी तिथेच सोडून तो गेला. एक बूटही राहिला.

मग ज्याचे त्याचे पैसे द्यायचे होते. एकेकाने स्टुलापाशी यायचं, ऐकून घ्यायचं आणि मग पैसे न्यायचे, असा आत्याबाईंनी नियम केला. शेवटी सेक्रेटरीसाहेब आले, तोंडावर रुमाल धरून.

"तुमचे कसले पैसे, साहेब?" तिने विचारलं. "तुमचे दात तर आहेत."

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. "हळू बोल गं," ते रुमालाआडून म्हणाले. "जुनी झाली आहे."

आत्याबाई इतक्या हसल्या की स्टूल डुगडुगलं. सुनेशी धरलेला अबोला तिथेच सुटला.

सुनेने मात्र आपले पैसे रुमालात बांधून घेतले तेव्हा मान वर केली नाही. "माझ्यामुळे झालं हे, आत्याबाई."

आत्याबाईंनी तिच्या हातावर थोपटलं. काय म्हणाल्या ते तिने कुणाला सांगितलं नाही.

निम्म्या किमतीचे दात गेले, म्हणजे पूर्ण किमतीचे आणायचे. तिने शेजारच्या इमारतीचा जिना धरला. तो चार मजली आणि पूर्वीच्या बाईने कोपरे कधी घासलेच नव्हते. पहिला महिना नुसता मळ खरवडण्यात गेला. पाठ धरायची, गुडघे बोलायचे. पण तिथेही तिने साबण आधी खालपर्यंतच सोडला आणि घासायला वरूनच घेतलं. घाईचं काम तिला जमत नसे.

थंडी सरता सरता ती आत्याबाईंना खऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी माप घेताना आत्याबाईंनी तिथेही चावून बघितलं. मग तीन खेपा झाल्या. राखणीचा दात काढला, हिरड्या भरू दिल्या, बसवून पाहिलं, घासून परत बसवलं. पावती झाली तेव्हा तिच्या दोन जिन्यांच्या पगारातली शेवटची नोटही काउंटरवर गेली आणि हातात रात्री कवळी ठेवायची एक छोटी पांढरी डबी आली, कवळी आत्याबाईंच्या तोंडातच होती. बाहेर हातगाडीवर गाजरं होती. आत्याबाईंनी एक उचललं, लुगड्याला पुसलं आणि कडकन तोडलं. गाडीवाल्याने दचकून पाहिलं. घरापर्यंत त्या बोलल्या नाहीत. नुसत्या चावत राहिल्या, वरच्या दातांनी आणि खालच्या.